चिरेखाणीतलं डेटा सेंटर: कोकणच्या दमट हवेत वारुळाकडून काय घ्यावं

राजापूर तालुक्यातलं हे काम आमच्या कार्यालयात आलं ते एका चित्रासकट. जिल्ह्यातल्या काही पतसंस्था, एक रुग्णालय आणि दोन महाविद्यालयं यांनी मिळून स्वतःचं छोटं डेटा सेंटर उभारायचं ठरवलं होतं. कारण उघड होतं. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइलला रेंज. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. खातेदारांचे हिशेब आणि रुग्णांचे अहवाल मुंबईतल्या सर्व्हरवर सुखरूप होते, पण मुंबईपर्यंत पोचायची वाटच बंद होती. निदान जिल्ह्यापुरतं काम चालेल अशी एक जागा आपल्या हाताशी हवी, हा त्यांचा हट्ट मला पहिल्या दिवसापासून पटला.

गरज होती ४० किलोवॉटची. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात जी केंद्रं उभी आहेत त्यांच्यापुढे हा आकडा अगदी लहान आहे. पण सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे दोन किलोवॉटचे वीस गीझर एका खोलीत रात्रंदिवस चालू ठेवायचे आणि ती खोली थंडही ठेवायची, असं हे काम.

चित्र होतं हरारेच्या ईस्टगेट सेंटरचं. वास्तुविशारद मिक पिअर्स यांची ही इमारत १९९६ साली उघडली. आफ्रिकेतल्या वाळवीच्या वारुळावरून तिची कल्पना सुचली, हे जगभर सांगितलं जातं. छपरावर धुराड्यांची रांग, खालून शिरणारी हवा, आणि नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय चालणारी कार्यालयं. समितीला आधी एका सल्लागाराने दिलेल्या आराखड्यात तशीच सात धुराडी होती. खालच्या जाळीतून बाहेरची हवा आत घ्यायची, सर्व्हरमधून तापून वर जाऊ द्यायची. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे वारुळं काय कमी आहेत? निसर्गानेच दिलेलं डिझाइन आहे."

निसर्गाकडून शिकायचं हे मलाही मान्य होतं. पण हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या रात्री थंड असतात. ती इमारत रात्रीची गार हवा पंख्यांनी जाड काँक्रीटमधून फिरवते आणि तो गारवा दिवसा वापरते. कोकणातल्या जुलैच्या रात्रीकडे असा काही गारवा नसतो. दिवसरात्र तीच कुंद हवा.

धुराड्याचा हिशेब

समितीसमोर आम्ही साधा हिशेब मांडला. ४० किलोवॉट उष्णता हवेने वाहून न्यायची आणि हवा आत येताना व बाहेर जाताना तिच्यात १२ अंशांचा फरक धरायचा, तर तासाला सुमारे दहा हजार घनमीटर हवा लागते. पावसाळ्यातली हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरू. तिच्या दर किलोत साधारण २० ग्रॅम बाष्प असतं. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीत सर्व्हरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) १५ अंशांच्या वर जाऊ नये असं आहे, म्हणजे किलोमागे पावणेअकरा ग्रॅमपर्यंत बाष्प. उरलेलं सगळं काढून टाकायला हवं. दहा हजार घनमीटरसाठी ते तासाला शंभर लिटरच्या वर पाणी होतं, आणि ते हवेतून पिळून काढायला सुमारे ७८ किलोवॉटचं शीतन लागतं. सर्व्हरच्या उष्णतेच्या जवळपास दुप्पट! बाहेरची हवा फुकट म्हणून आत घ्यायची, आणि ती कोरडी करण्यापायी दोन सर्व्हर-खोल्यांचं बिल भरायचं.

कोरडी न करताच घेतली तर? याच संस्थेने नव्या सर्व्हरसाठी ठेवलेल्या सवलतीच्या वर्गांत याहून बरीच दमट हवा चालते, हे खरं आहे. पण ती सवलत स्वच्छ हवेसाठी आहे आणि आपल्या हवेत मीठ आहे. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं होऊ लागतं. एकदा हा थर सर्किटवर बसला की आर्द्रता कितीही सांभाळली तरी तो ओलाच राहतो आणि तांबं खात राहतो. किनाऱ्यालगतच्या एका कार्यालयातला निकामी झालेला बोर्ड मी बैठकीत नेला होता. मेमरी जिथे बसते त्या खाचेच्या कडेने हिरवट भुकटी साचली होती, आणि दोन बारीक वाटांमधला सोल्डर पांढरा पडून फुगला होता. तो बोर्ड हातोहात फिरला, आणि त्यानंतर धुराड्यांचा आग्रह कोणी धरला नाही.

वारूळ खरं कसं चालतं

अध्यक्षांचा प्रश्न मात्र मला सोडायचा नव्हता, कारण वारुळं खरोखरच आपली आहेत. भारतभर दिसणारी उंच, खोबणीदार वारुळं ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी बांधते. दक्षिण भारतातल्या याच वारुळांवर हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी आत संवेदक बसवून मोजणी केली आणि २०१५ साली ती प्रसिद्ध केली. धुराड्यासारखी उघडी तोंडं या वारुळाला नसतात, ते बाहेरून बंद असतं. दिवसा उन्हाने बाहेरचे पातळ कंगोरे मधल्या पोकळीपेक्षा लवकर तापतात, तेव्हा हवा कंगोऱ्यांतून वर चढते आणि मधून खाली येते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. आतली हवा आतच फिरते. वायूंची देवाणघेवाण होते ती सच्छिद्र भिंतीतून. मुसळधार पावसात उभ्या राहणाऱ्या या घराला दारं-खिडक्या ठेवणं परवडणारंच नाही.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटल्या. पहिली, आतली आणि बाहेरची हवा एकमेकींना भेटू द्यायची नाही, उष्णता तेवढी कातडीतून बाहेर जाऊ द्यायची. दुसरी, दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळवून श्वास घ्यायचा. मायक्रोसॉफ्टचा नॅटिक प्रयोग पहिल्या गोष्टीला दुजोरा देतो. २०१८ साली स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर बंद नळकांड्यात, कोरड्या नायट्रोजनमध्ये घालून समुद्रतळाशी सोडले होते. २०२०मध्ये वर काढले तेव्हा त्यांतल्या बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या तशाच सर्व्हरच्या एक-अष्टमांश निघालं. खाऱ्या पाण्याच्या पोटात राहूनही यंत्रं टिकली, आणि भोवतीचा बंद, कोरडा नायट्रोजन हे त्यामागचं एक कारण असावं असा त्या चमूचा अंदाज होता.

जागा

जागेचे तीन पर्याय होते. खाडीकाठच्या गावातली जुनी इमारत पुरामुळे लगेच बाद झाली. दुसरा पर्याय सड्यावरचा होता. सपाट कातळ, रस्ता जवळ, पुराची भीती नाही, आणि समितीतल्या बहुतेकांच्या मते "मोकळा पडलेला". हा शब्द ऐकला की मला राहवत नाही. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर फुलं येतात, डबक्यांत बेडूक येतात, आणि सड्यावर पडलेलं पाणीच खालच्या वाड्यांचे झरे चालवतं. कशेळी, बारसू, उक्षी इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत आणि २०२२पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. निसर्गापासून प्रेरणा घेतली म्हणून सांगायचं आणि त्यासाठी सडा फोडायचा, हे माझ्या हातून होणार नव्हतं.

तिसरी जागा कोणाच्या यादीतच नव्हती. समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत, सड्याच्या पूर्व उतारावर एक बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे कापून काढलेली खाण. पश्चिमेला दोन पुरुष उंच कापलेली कातळभिंत, तिच्याखाली रुंद पायरी, आणि त्याहून खाली खाणीचा तळ. जमिनीचं जे नुकसान व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं. पावसाळी वारा नैऋत्येचा आणि दुपारचे खारे वारे पश्चिमेचे, दोन्ही कातळभिंतीवरून निघून जातात. इमारत पायरीवर घ्यायची, तळ पाणी साचायला मोकळा सोडायचा.

अडचणी होत्याच. सर्वांत मोठी अर्थिंगची. कोरडा जांभा वीज जमिनीत मुरू देत नाही, आणि आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, व ऑक्टोबरात इथे विजा कडाडतात. खाणीच्या तळाशी जिथे ओल टिकते तिथपर्यंत तांब्याची पट्टी नेऊन इमारतीभोवती कडं करावं लागलं. अंदाजपत्रकात या बाबीला जेमतेम एक ओळ होती. प्रत्यक्षात पायाखालोखाल खर्च तिथे झाला.

भिंत, छप्पर, पडवी

कोकणातलं घर मला या कामात वारुळाइतकंच उपयोगी पडलं. मधे माजघर आणि भोवती पडवी, असा तो साधा क्रम आहे. ऊन आणि झड पडवी झेलते, माजघरापर्यंत काही पोचत नाही. इथेही बाहेर चिऱ्याची भिंत, मग माणूस चालू शकेल एवढी हवा खेळती असलेली फट, आणि आत सर्व्हरची बंद पेटी. चिरे त्याच परिसरातले वापरले. हा दगड उघड्यावर राहिला की घट्ट होतो, पण तो पाणी पितो, म्हणून ही भिंत ओली होणार हे धरूनच आतली पेटी तिला कुठेही टेकू दिली नाही.

आतल्या पेटीच्या तपशिलावर आम्ही सर्वाधिक वेळ घातला. थंड देशांतल्या आराखड्यांत बाष्परोधक थर उष्णतारोधकाच्या आतल्या बाजूला असतो, कारण तिथे बाष्प आतून बाहेर जातं. कोकणात उलट आहे. बाहेरची ओलसर हवा आतल्या थंड भागाकडे जाते, म्हणून थर बाहेरच्या बाजूला हवा. तो चुकला तर उष्णतारोधकाच्या पोटात पाणी धरतं आणि दोन पावसाळ्यांत बुरशी. ठेकेदाराने आणलेल्या छापील नकाशात तो आतच होता. फळ्या उतरवून घेऊन उलट्या बसवाव्या लागल्या. प्रत्येक सांधा पट्टीने बंद केला, केबल जिथून शिरतात ती भोकंसुद्धा.

छप्पर दुहेरी आहे. खाली सपाट काँक्रीटचा स्लॅब, वर उतरतं मंगळुरी कौल, मधे मोकळी हवा. कौलं उन्हाचा ताप वरच अडवतात. निसर्ग वादळात कौलं आणि पत्रे कसे उडाले ते सर्वांनी पाहिलेलं, म्हणून कडेच्या ओळी तारेने बांधल्या. आणि समजा सगळी कौलं गेली तरी स्लॅब आपलं काम करतोच. वळचण किती बाहेर काढायची यावर आमच्या गवंड्याने एका वाक्यात निकाल दिला: "मॅडम, हय पाऊस वरसून पडना नाय, आडवो येता." मग वळचण वाढवली, आणि तिच्याखाली लाकडी पट्ट्यांऐवजी दगडी जाळी घेतली, कारण वाळवी लाकूड सोडत नाही.

उष्णता बाहेर कशी जाते

बंद पेटीतून उष्णता काढायची तर वाहक लागतो. पाणी इथे हवेच्या कितीतरी पुढे आहे. दहा अंशांचा फरक धरला तर ४० किलोवॉटसाठी सेकंदाला सुमारे एक लिटर पाणी पुरतं, जिथे हवा तासाला दहा हजार घनमीटर लागत होती. नव्या सर्व्हरमध्ये प्रोसेसरवरच धातूची पोकळ तबकडी बसवून तिच्यातून पाणी फिरवता येतं, आणि ते पाणी गार असायची गरज नाही. काही यंत्रं ४५ अंशांपर्यंतचं पाणी घेतात. म्युनिकजवळच्या सुपरएमयूसी महासंगणकात २०१२पासून कोमट पाण्याने थंड करायची पद्धत वापरली गेली.

आणि इथेच कोकणची हवा आपल्या बाजूची होते. आपण तिला दमटपणाबद्दल बोल लावतो, पण नागपूरसारखी ती ४५ अंशांवर जात नाही. वर्षातला बहुतेक काळ पारा ३५च्या आतच. ३५ अंशांच्या हवेने ४१-४२ अंशांचं पाणी सहज मिळतं, साध्या पंख्याच्या रेडिएटरने, कॉम्प्रेसर न लावता. आर्द्रता कितीही असो, या यंत्राला तिच्याशी देणंघेणं नाही.

बाष्पीभवनाचा कूलिंग टॉवर आम्ही मुद्दाम टाळला. ४० किलोवॉटसाठी रोज सुमारे चौदाशे लिटर पाणी उडून जातं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. जांभा पाणी धरत नाही, सड्याच्या विहिरी तोवर तळ गाठतात. ज्या महिन्यात बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात त्या महिन्यात सर्व्हरसाठी पाणी उडवणं मला कोणत्याही हिशेबात बसवता आलं नाही.

सगळे सर्व्हर नवे घेणं संस्थांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे ४०पैकी २६ किलोवॉट पाण्यावर गेलं. उरलेल्या १४ किलोवॉटच्या जुन्या यंत्रांना बंद चक्रातली गार हवा दिली, तीही २० अंशांऐवजी २५ अंशांवर. ही तडजोड आहे. जुनी यंत्रं बदलतील तसा पाण्याचा वाटा वाढवता यावा म्हणून नळांना जादा तोट्या ठेवल्या आहेत.

रेडिएटर कुठे ठेवायचे हा प्रश्न मला तिवर या खारफुटीच्या झाडाने सोडवून दिला. खाडीतला कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. तिवर तसं पूर्ण अडवत नाही, तो पानावाटे मीठ बाहेर टाकतो. पान जवळून पाहिलं तर त्यावर बारीक स्फटिक दिसतात, आणि पाऊस ते धुऊन नेतो. ठेकेदाराला रेडिएटर शेडखाली हवे होते, पावसापासून जपायला. पण किनाऱ्यावर आडोशाचं लोखंडच आधी गंजतं, कारण तिथे मीठ साचतं आणि धुतलं जात नाही. म्हणून लेप दिलेल्या पंखपट्ट्यांचे रेडिएटर उघड्यावर, पूर्वेच्या अंगाला उभे केले. पावसाळ्यात पाऊस धुतो. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला दोनदा गोड्या पाण्याने धुवायचे. ३०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला नऊ लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं एक लाख लिटर टाकीत धरलं तरी धुणं भागून उरतं. मार्चमध्ये पूर्वेचा गरम वारा सुटला आणि पारा ३८ गाठू लागला, तर दुपारचे काही तास रेडिएटरवर फवारा मारायला हेच पाणी.

कांदळाचा धडा ताज्या हवेच्या वाटेला लावला. आत माणसं जातात, पेटीत थोडा जादा दाबही हवा, म्हणून थोडी हवा घ्यावीच लागते. ती तासाला शंभर घनमीटर. तिच्यातून काढायचं पाणी तासाला एक लिटरच्या आसपास. मीठ पकडणारी गाळणी यंत्राच्या तोंडाशी न लावता थेट वळचणीखाली, हवा जिथे शिरते तिथेच बसवली. आणि ही हवा जमेल तेवढी पहाटे घेतली जाते, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असताना. डिसेंबर ते फेब्रुवारीत ती कोरडीही असते. वारुळाचा दुसरा धडा तो हा.

पहिला पावसाळा

हवा धातू किती खाते ते पाहायला जूनच्या सुरुवातीला आम्ही तांब्या-चांदीच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या टांगल्या, एक वळचणीखाली, एक सर्व्हरच्या रांगेत. महिन्याने उतरवल्या. बाहेरचं तांबं तपकिरी पडलं होतं, खालच्या कडेला हिरवे ठिपके. आतलं तांबं किंचित मंद, पण त्यात अजून तोंड दिसत होतं. महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉम गंजाचा थर ही सुरक्षित हवेची रूढ मर्यादा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). आतल्या पट्ट्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या आत आला.

त्रास झाला तो पडवीच्या फटीत. उत्तरेच्या कोपऱ्यात हवा फिरत नव्हती आणि ऑगस्टमध्ये पेटीच्या बाहेरच्या अंगावर बुरशीचे काळे डाग आले. खालची एक जाळी मातीने बुजली होती. ती साफ केली आणि वर आणखी दोन झरोके काढले. डाग वाढायचे थांबले.

जुलैमध्ये दोन दिवस लाइट नव्हती. जनरेटरवर केंद्र चाललं. कॉम्प्रेसरचा भार कमी असल्याने डिझेल कमी जळतं, आणि रस्ता बंद असताना टाकीत उरलेलं डिझेल किती, यावरच तर हे केंद्र किती दिवस तग धरणार ते ठरतं. ज्या कारणासाठी लोकांनी पैसे काढले, त्या कारणाशी या साऱ्या रचनेचा थेट संबंध तो इतका आहे.

आता चर्चा चालू आहे ती वाया जाणाऱ्या उष्णतेची. सर्व्हरमधून पाणी पन्नास अंशांच्या आसपास बाहेर पडतं. पावसाळ्यातली २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा त्यावर ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली येते आणि ती वाळवायच्या कामाची होते. मेअखेरीस आगोटीचा पाऊस लवकर आला की आमसुलं, आंबापोळी अंगणातच भिजतात. खाणीच्या खालच्या वाडीतल्या बचतगटाने वाळवणाची खोली मागितली आहे. जागा आहे, नळ काढून ठेवले आहेत. संस्थांच्या समितीला सुरक्षेची काळजी आहे, कारण खोलीचं दार कुंपणाच्या आत येतं. आम्ही कुंपण चार मीटर आत सरकवून खोली बाहेर घेणारा नकाशा दिला आहे. रतांब्यांच्या हंगामाआधी मंजुरी मिळाली तर याच वर्षी ट्रे लावता येतील.